बँड मोडला, म्हणून अल्बमही मोडीत?

जळगाव-धुळ्याकडे पिंक फ्लॉइड हा ब्रिटिश रॉक बँड ऐकणारी माणसं फार नाहीत, पण जी आहेत ती पक्की आहेत. ‘डार्क साइड ऑफ द मून’ त्यांना तोंडपाठ असतो, ‘विश यू वेअर हिअर’ लागला की ती हळवी होतात, ‘द वॉल’वर तासन्‌तास बोलतात. १९८३ च्या ‘द फायनल कट’चं नाव काढलं की मात्र हात झटकून मोकळी होतात. ‘तो सोडा हो, तोवर बँड राहिलाच कुठे होता?’ हा निकाल इतक्या निवांतपणे दिला जातो की त्याला कुणी पुरावा विचारत नाही. मला तो विचारायचा आहे.

निकालामागे चार आरोप असतात. पहिला, हा पिंक फ्लॉइडचा अल्बम नव्हेच. बँडचा गीतकार रॉजर वॉटर्स याने बँडच्या नावावर खपवलेला तो स्वतःचा माल आहे. दुसरा, ‘द वॉल’मधून उरलेल्या गाण्यांचा हा शिळ्या कढीला आणलेला ऊत आहे. तिसरा, यात चाल नाही, गिटार नाही, नुसतं सुतक आहे. धुळ्याच्या एका मित्राच्या अहिराणीत सांगायचं तर, ‘हाई काय रडगानं लाई ठेयेल शे भो?’ आणि चौथा, एका इंग्रजाने इंग्लंडसाठी गाळलेल्या आसवांशी आपल्याला काय करायचंय? चारही आरोपांत थोडंबहुत तथ्य आहे, म्हणूनच ते इतकी वर्षं टिकले. पण त्यांची बेरीज करून जो निकाल लावला जातो तो साफ चुकीचा आहे.

आधी हकिगत सांगतो. १९८२ मध्ये ॲलन पार्करचा ‘द वॉल’ हा चित्रपट आला. त्याच्या गाण्यांना जोडून आणखी काही गाणी असलेला एक अल्बम काढायचा बेत होता. त्याचं तात्पुरतं नावच ‘स्पेअर ब्रिक्स’, म्हणजे भिंत बांधून उरलेल्या विटा. पण त्या वर्षी एप्रिलमध्ये अर्जेंटिनाने ब्रिटनच्या अमलाखालच्या फॉकलंड बेटांचा ताबा घेतला आणि ब्रिटिश पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी आरमार रवाना केलं. जूनच्या मध्यावर युद्ध थांबलं तेव्हा ब्रिटनचे २५५ आणि अर्जेंटिनाचे ६४९ सैनिक गेले होते. त्यातले ३२३ ‘बेल्ग्रानो’ या एकाच युद्धनौकेवरचे. वॉटर्सने विटांचा बेत बाजूला सारला आणि दुसराच अल्बम लिहायला घेतला. त्याच्या मध्यभागी त्याचे वडील होते.

एरिक फ्लेचर वॉटर्स हे पेशाने शिक्षक. महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्यांनी हत्यार उचलायला नकार दिला आणि लंडनवर बॉम्ब पडत असताना रुग्णवाहिका चालवली. पुढे फॅसिझमशी लढणं भाग आहे असं त्यांचं मत झालं आणि ते सैन्यात गेले. १८ फेब्रुवारी १९४४ रोजी इटलीत अँझिओच्या आघाडीवर ते मारले गेले. देह कधीच सापडला नाही. रॉजर तेव्हा पाच महिन्यांचा होता.

हा अल्बम लिहिला जात होता तेव्हा बँडची दशा अशी होती. कीबोर्ड वाजवणाऱ्या रिचर्ड राइटला वॉटर्सने ‘द वॉल’च्या वेळीच बाहेरचा रस्ता दाखवला होता. गिटारवादक डेव्हिड गिल्मोरचं म्हणणं होतं की माझ्याकडे आत्ता तयार गाणी नाहीत, थोडा वेळ द्या. वॉटर्स थांबायला तयार नव्हता. १९८२ च्या उत्तरार्धात रेकॉर्डिंग चाललं, तेही बऱ्याचदा दोघं वेगवेगळ्या स्टुडिओंत बसून. अल्बम पुरा होईपर्यंत निर्मात्यांच्या यादीतून गिल्मोरचं नाव गेलं होतं. ड्रमर निक मेसन विमानांचे, स्फोटांचे, पावलांचे आवाज जमवण्यात गुंतला होता; शेवटच्या गाण्यात ड्रमवर त्याच्या जागी अँडी न्यूमार्क आहे. मार्च १९८३ मध्ये अल्बम आला, ब्रिटनमध्ये पहिल्या आणि अमेरिकेत सहाव्या क्रमांकावर गेला. मागोमाग दौरा निघाला नाही. डिसेंबर १९८५ मध्ये वॉटर्सने बँड सोडला आणि पुढच्या वर्षी ‘पिंक फ्लॉइड’ या नावावरून प्रकरण कोर्टात गेलं.

आता पहिला आरोप. हा अल्बम बँडचा नाही म्हणणाऱ्यांनी कव्हर उलटून पाहावं. युद्धानंतरच्या स्वप्नासाठीचं हे शोकसंगीत वॉटर्सचं आहे आणि पिंक फ्लॉइडने ते वाजवलं आहे, असं तिथे स्वच्छ छापलेलं आहे. खपवाखपवी करणारा माणूस असं छापून देत नाही. प्रश्न उरतो तो निकषाचा. ‘द वॉल’मधली बहुतेक गाणी वॉटर्सचीच आहेत. राइटची हकालपट्टी त्याच अल्बमच्या काळातली, आणि १९८०-८१ च्या प्रयोगांत तो चक्क पगारी वादक म्हणून स्टेजवर बसत होता. तरी ‘द वॉल’ला कुणी पिंक फ्लॉइडच्या पंगतीतून उठवत नाही. आणि १९८७ चा ‘अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन’? वॉटर्स गेलेला, राइट पगारावर, मेसनच्या जागी बऱ्याच ठिकाणी जिम केल्टनर आणि कार्माइन अपिससारखे बाहेरचे ड्रमर, बेसवर टोनी लेविन. त्याला मात्र बँडचं नाव बिनतक्रार चालतं. कारण उघड आहे: त्यात गिल्मोरची ओळखीची गिटार भरपूर वाजते. म्हणजे आपण माणसं मोजतच नाही, सवयीचा आवाज मोजतो. तसं असेल तर तसं म्हणावं; मालकी हक्काचा दावा मध्ये आणू नये.

धुळ्यात बसून तर हा आरोप करूच नये. १९३२ च्या २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. विचार एकाचा, लेखणी दुसऱ्याची. पुस्तकावर नाव विनोबांचं आहे म्हणून गुरुजींची मेहनत कुणी खोटी ठरवली नाही आणि लेखणी गुरुजींची होती म्हणून ‘गीता प्रवचने’ कुणी विनोबांच्या खात्यातून काढली नाहीत. यावर कुणी म्हणेल, तिथे जिव्हाळा होता, इथे हाणामारी होती. ठीक आहे, मग इतिहासाचार्य राजवाड्यांकडे या. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं करणाऱ्या राजवाड्यांचं त्या मंडळाशीच बिनसलं. ते पुण्याकडे पाठ फिरवून धुळ्याला आले, ३१ डिसेंबर १९२६ रोजी इथेच गेले आणि त्यांच्या दप्तरांसाठी इथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांच्या भांडखोरपणाचे किस्से आपण चवीने सांगतो, पण त्यांनी छापलेली साधनं वाचताना ते किस्से पुरावा म्हणून वापरत नाही. हीच रीत वॉटर्सला लावायला काय हरकत आहे?

दुसरा आरोप शिळेपणाचा. यातली काही गाणी ‘द वॉल’च्या वेळी बाजूला ठेवलेली होती, हे खरंच आहे. ‘युअर पॉसिबल पास्ट्‌स’ त्यातलं, ‘द हीरोज रिटर्न’ही त्यातलंच, ते आधी ‘टीचर, टीचर’ म्हणून लिहिलेलं होतं. गिल्मोरचा मुद्दा असा होता की जी गाणी तेव्हा कमी पडली ती आता एकदम चांगली कशी झाली? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर खुद्द ‘द हीरोज रिटर्न’मध्येच आहे. ‘द वॉल’मधला मास्तर आठवा. पोरांना टाकून बोलणारा, छडी मारणारा, वर्गाचा खाटीकखाना करणारा. तिथे तो का तसा आहे, हे विचारायची गरज कुणाला वाटत नाही. ‘द फायनल कट’मध्ये ‘वन ऑफ द फ्यू’ आणि ‘द हीरोज रिटर्न’ ही गाणी पाठोपाठ येतात आणि त्या मास्तराचा मागचा इतिहास उघडतो. तो बॉम्बफेकी विमानातून जिवंत परतलेला सैनिक आहे. दिवसा शाळेत पोरांवर खेकसतो. रात्री बायको झोपल्यावरच मनातलं बोलू शकतो, कारण जागेपणी तिच्याशी बोलायला त्याची जीभ रेटत नाही. त्याच्या कानात अजून आपल्या विमानातल्या तोफेवरच्या साथीदाराचे शेवटचे शब्द घुमताहेत.

वॉटर्सने लहानपणच्या मास्तरांवर आयुष्यभर दात धरला. इथे त्याच मास्तराच्या बाजूने तो लिहितो. जे गाणं १९७९ मध्ये पोराच्या रागाचं झालं असतं ते १९८२ मध्ये मोठ्या माणसाच्या समजुतीचं झालं, आणि त्यासाठी मध्ये फॉकलंडचं युद्ध व्हावं लागलं. विजयी मिरवणुका काढून परतलेल्या पोरांचं पुढे काय होतं, हा प्रश्न त्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या रस्त्यांवर उभा होता. याला शिळ्या कढीला ऊत म्हणणाऱ्यांनी गाण्याची यादी वाचली आहे, गाणं ऐकलेलं नाही.

तिसरा आरोप ऐकण्याचाच आहे, म्हणून त्याला जास्त जागा द्यायला हवी. चाल नाही, गिटार नाही, जीव रमत नाही. यातला एक भाग आपल्याकडे निव्वळ यंत्रामुळे आला असं मला वाटतं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत आमच्याकडे हा अल्बम पोचला तो एका कॅसेटवरून दुसरीवर आणि दुसरीवरून तिसरीवर भरून घेतलेला. ‘द वॉल’ त्यातूनही तरून जातो, कारण तो बहुतेक वेळ वरच्या पट्टीत गर्जतो. ‘द फायनल कट’ कुजबुजतो आणि मग एकदम स्फोट करतो. कुजबुज टेपच्या खरखरीत बुडायची. ती ऐकू यावी म्हणून आवाज वाढवावा तर ‘गेट युअर फिल्दी हँड्स ऑफ माय डेझर्ट’च्या सुरुवातीला क्षेपणास्त्र डोक्यावरून सूंऽ करत जायचं आणि शेजारी दार वाजवायचे. हेडफोन लावून ऐकायचा हा अल्बम आहे. त्यातले पावलांचे, मोटारींचे, विमानांचे आवाज होलोफोनिक्स नावाच्या तंत्राने घेतलेले आहेत, आणि कानात यंत्र असेल तरच ते तुमच्या मागून येतात, बाजूने जातात. दुकानातून भरून आणलेल्या कॅसेटवर या निम्म्या अल्बमचा पत्ताच नव्हता. आज चांगलं रेकॉर्डिंग मोबाइलवर फुकटात मिळतं, पण मत मात्र जुन्या कॅसेटचंच चालू आहे.

आता चालीचं बघू. ‘द गनर्स ड्रीम’ घ्या. विमानातून फेकला गेलेला सैनिक खाली पडतो आहे, आणि जमिनीला टेकण्याआधीच्या तेवढ्या वेळात त्याला एक जग दिसतं, जिथे माणसाला पोटभर मिळेल, निवारा मिळेल आणि मध्यरात्री दारावर धडका बसणार नाहीत. सुरुवातीला फक्त पियानो आणि वॉटर्सचा जवळजवळ बोलण्यातला आवाज. हळूहळू मायकेल केमेनने बांधलेला वाद्यवृंद मागून वर येतो. मग वॉटर्सचा स्वर ताणत ताणत किंचाळीपर्यंत जातो आणि त्या किंचाळीतून राफाएल रेवेन्सक्रॉफ्टचा सॅक्सोफोन बाहेर पडतो. माणसाचा घसा कुठे संपला आणि पितळेचा कुठे सुरू झाला, ते पुन्हा पुन्हा ऐकूनही नेमकं सांगता येत नाही. पिंक फ्लॉइडच्या ज्या अल्बमांना आपण डोक्यावर घेतो त्यांत यापेक्षा चांगला जोड मला दाखवा. वॉटर्सचा गळा गिल्मोरसारखा गोड नाही. तो पातळ आहे, वर जाताना फाटतो. या गाण्याला फाटणारा गळाच हवा होता.

गिटार कमी आहे, कबूल. पण आहे तिथे ती कशी आहे हे ऐका. ‘युअर पॉसिबल पास्ट्‌स’मध्ये, ‘द फ्लेचर मेमोरियल होम’मध्ये, शीर्षकगीतात गिल्मोरला मोजकी जागा मिळते. तेवढ्यात तो असं वाजवतो की बोलून थकलेल्या माणसाच्या जागी दुसरा कुणी उठून उभा राहिल्यासारखं वाटतं. ‘कम्फर्टेबली नम्ब’मध्ये त्याची गिटार आपल्याला उचलून नेते. इथे ती येते, एकच गोष्ट सांगते आणि निघून जाते. मनाविरुद्ध वाजवत असलेल्या माणसाचा हा हात आहे, हे ठाऊक असो वा नसो, त्यातली घुसमट कानाला कळते.

राहिलं सुतक. हो, आहेच. शोकसंगीत म्हणूनच ते रचलेलं आहे, आणि शोकाला करमणुकीची फूटपट्टी लावणं हे आपल्या बाजूला तरी शोभत नाही. खानदेशात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणतात, आणि त्याच दिवशी त्याच घरात गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरून ठेवतात. घागर भरताना कुणी म्हणत नाही की हे फार उदास आहे, जरा ठेका धरा. वॉटर्सच्या बापाचा देह मिळाला नाही. त्याच्या आईच्या हाती राजाच्या सहीचा शिक्का असलेला एक छापील कागद आला. त्या कागदाबद्दलचं ‘व्हेन द टायगर्स ब्रोक फ्री’ हे गाणं आधी चित्रपटात आलं आणि २००४ पासून ते या अल्बममध्ये घातलं आहे. ज्याला अग्नी देता आला नाही, माती देता आली नाही, त्याची घागर हा माणूस असा भरतो आहे. ती भरताना तो बेसूर झाला असेल तर तसं दाखवा. उदास झाला ही तक्रार कशी काय होऊ शकते?

चौथा आरोप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. ‘कलेला देश नसतो’ असं गुळमुळीत उत्तर देऊन तो टाळता येणार नाही. वॉटर्स ज्या युद्धोत्तर स्वप्नासाठी रडतो आहे ते नेमकं कुणाचं होतं? डिसेंबर १९४२ मध्ये ब्रिटनमध्ये बेव्हरिज अहवाल आला. आजारपणात, बेकारीत, म्हातारपणी सरकार पाठीशी राहील असं वचन त्यात होतं. १९४५ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला आणि १९४८ मध्ये सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू झाली. त्याच १९४२ च्या ९ सप्टेंबरला, तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात असलेल्या नंदुरबारमध्ये त्याच राज्यकर्त्यांच्या पोलिसांनी मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता गेला, त्याच्याबरोबर चौघे गेले. तो पंधरा वर्षांचा होता. लंडनमध्ये माणसाला पाळण्यापासून सरणापर्यंत आधार देण्याचा मसुदा लिहिला जात होता आणि इथे शाळकरी पोराच्या हातात तिरंगा होता म्हणून छाती फोडली जात होती. अल्बममध्ये या दुसऱ्या बाजूचा मागमूस नाही. भरीला पहिल्याच गाण्यात, स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीवरच्या जहाजगोद्या बंद पडल्याचं दुःख करताना वॉटर्स जपान्यांना हिणवणारा शब्द वापरतो. बोलणारं पात्र तसं आहे अशी सारवासारव करता येते, पण मला ती पटत नाही. हा डाग आहे.

म्हणून तो आपल्या कामाचा नाही, हे मात्र चूक. इटलीच्या ज्या मोहिमेत वॉटर्सचा बाप गेला त्याच मोहिमेत सुमारे ५०,००० हिंदी सैनिक लढले आणि त्यातले पाच हजारांवर परतले नाहीत. अँझिओनंतर पाच महिन्यांनी, १० जुलै १९४४ रोजी, मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे एकटेच मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले, तो त्यांनी मोडून काढला आणि लगेच शत्रूने टिपून मारलेल्या गोळीने पडले. वय २२. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचा हा गडी. पुढच्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन गोळ्यांच्या पावसातून आले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडग्यांच्या नावाची सूर्यघडी इटलीतल्या मोंटोने गावात उभी राहायला २०२३ साल उजाडलं. बाकीच्या हजारोंच्या पोरांकडे स्टुडिओ नव्हता, त्यांनी अल्बम काढले नाहीत. तार आली, पेन्शन सुरू झालं, घरातल्या फोटोला हार पडला, संपलं. बाप कशासाठी गेला आणि ज्यांनी पाठवला त्यांनी शब्द पाळला का, हे सरकारला तोंडावर विचारणारं मराठीतलं काही शोधायला गेलं तर हाताला फारसं लागत नाही. वॉटर्स ते विचारतो, नाव घेऊन विचारतो, आणि ज्या देशाने युद्ध जिंकलं त्याच देशात उभा राहून विचारतो. जिंकलेल्या बाजूला हा प्रश्न विचारणं जास्त अवघड असतं, हे आपल्याला चांगलंच कळायला हवं.

‘साउथॅम्प्टन डॉक’ ऐका. जेमतेम दोन मिनिटांचं गाणं. १९४५ मध्ये परत आलेल्या सैनिकांना घ्यायला धक्क्यावर उभी असलेली बाई १९८२ मध्ये पुन्हा त्याच धक्क्यावर नव्या पोरांना निरोप देताना दिसते. सरकार, शत्रू, समुद्र सगळं बदललेलं आहे, बाई तीच. ती कुठल्या देशाची आहे हे ओळखण्यापुरता एक बंदराचा पत्ता काय तो त्यात आहे. आणि त्या युद्धातलं सगळंच काही आपल्यापासून दूर नव्हतं. फॉकलंडच्या आरमाराची मुख्य नौका ‘हर्मीस’ पुढे आपण विकत घेतली. १९८७ पासून २०१७ पर्यंत ती ‘आयएनएस विराट’ म्हणून आपल्या नौदलात होती, आणि शेवटी अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात निघाली.

गोद्यांचंही तसंच. अल्बमच्या सुरुवातीला कुणीतरी मोटारीतला रेडिओ फिरवतं आहे आणि बातमी येते की फॉकलंडमध्ये बुडालेल्या ‘अटलांटिक कन्व्हेयर’ या मालवाहू जहाजाच्या बदल्यात नवं जहाज जपानमध्ये बांधलं जाणार. देशासाठी बुडालेलं जहाजसुद्धा देशातल्या कामगाराला बांधायला मिळत नाही. हे रेकॉर्ड होत होतं त्या वर्षी, १८ जानेवारी १९८२ पासून, मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या हाकेवर संपावर होते आणि बहुतेकांना कळलं नव्हतं की गिरणीचं दार आपल्यासाठी कायमचं लागलं आहे. जळगाव स्टेशनाला लागून खानदेश मिल होती. आज तिच्या जागेवर व्यापारी संकुल आहे. स्वातंत्र्यानंतर आपल्यालाही काही कबूल केलं गेलं होतं, आणि ते कधी मोडलं, कुणी मोडलं, हे विचारायचं झालं तर हा अल्बम बरा सोबती आहे. त्याला आपली माहिती नाही, हा त्याचा दोष. त्याचा प्रश्न ओळखू नये, हा आपला.

खरे दोष काढायचेच असतील तर मी मदत करतो. ‘द फ्लेचर मेमोरियल होम’मध्ये वॉटर्स जगातल्या नेत्यांना, त्यात रेगन, थॅचर, ब्रेझनेव्ह, बेगिन सगळे आले, एका वृद्धाश्रमात डांबतो. कल्पना बोचरी आहे, पण शेवटाला तो त्यांच्यासाठी जी शिक्षा सुचवतो ती नाझींच्या भाषेतली आहे. ज्या क्रौर्याविरुद्ध बाप लढला त्याच्याच शब्दांत मुलगा बोलायला लागतो, आणि गाण्याला हे कळलं आहे याची खूण कुठे मिळत नाही. मधली काही गाणी एकमेकांत इतकी मिसळतात की त्यांची ओळख राहत नाही. गिल्मोरला सहा महिने दिले असते तर ही जागा भरली असती, असं मलाही वाटतं. वॉटर्सचा हेकेखोरपणा अल्बमला महाग पडला.

पण त्या भांडणाने अल्बमला काही दिलंही. ‘नॉट नाऊ जॉन’ हे एकच गाणं गिल्मोर मुख्य आवाजात गातो. त्यातलं पात्र कामात गर्क असलेल्या, शिवराळ, स्पर्धेने पेटलेल्या माणसाचं आहे. त्याला युद्धाबिद्धाबद्दल विचारायला आत्ता वेळ नाही. मध्येच वॉटर्सचा आवाज घुसतो आणि पहिला आवाज त्याला उडवून लावतो. ज्या दोन माणसांचं आपसात बोलणं बंद होत आलं होतं तीच दोन माणसं इथे एकमेकांवर गुरकावतात, आणि गाण्याचा विषयही नेमका तोच आहे, की एकाला काही सांगायचं आहे आणि दुसऱ्याला ऐकायचं नाही. गुण्यागोविंदाने नांदणाऱ्या बँडला हे गाणं इतक्या खुन्नसने गाता आलं असतं असं मला वाटत नाही. ज्यांना ‘बँड मोडत होता’ हे अल्बमविरुद्धचं प्रमाणपत्र वाटतं त्यांनी निदान या एका गाण्यापुरतं ते मागे घ्यावं.

कलावंतांच्या एकोप्याचं आपल्याला फार कौतुक आहे. २ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये चौघं पुन्हा एकत्र उभे राहिले तेव्हा जगभरच्या चाहत्यांचे डोळे भरून आले. त्या संध्याकाळी ‘ब्रीद’, ‘मनी’, ‘विश यू वेअर हिअर’ आणि ‘कम्फर्टेबली नम्ब’ वाजलं. ‘द फायनल कट’मधलं एकही नाही. ते साहजिकच होतं, दिलजमाईच्या जाहीर कार्यक्रमात हे गाणं बसत नाही. पण समारंभात काय वाजलं यावरून कुठल्या रेकॉर्डची किंमत ठरत नसते.

हा अल्बम ‘डार्क साइड’च्या तोडीचा आहे असा माझा दावा नाही. तो विषम आहे, काही जागी एकसुरी आहे आणि एका जागी लाजिरवाणा आहे. पण ‘द गनर्स ड्रीम’, ‘द हीरोज रिटर्न’ आणि ‘साउथॅम्प्टन डॉक’ ही गाणी ज्यात आहेत तो अल्बम ‘सोडा हो’ म्हणून सोडायचा नसतो. नावडला तर नावडला म्हणा, पण ऐकून म्हणा. वॉटर्स आणि गिल्मोर यांनी बँडच्या नावाचा वाद १९८७ च्या डिसेंबरात तडजोड करून मिटवला. अल्बमचा निकाल मात्र आपण अजून त्याच वादाचे कागद चाळून लावतो आहोत, आणि खुद्द रेकॉर्ड पुराव्यात दाखलच करून घेतलेली नाही.